दहा पॉइंट सहा

दि. ११ मार्च

ती. ताईस तुझ्या ठोंब्याचा नमस्कार.

तू दुरुस्त करून पाठवलेलं पीएच मीटर परवा भिंतीवर चढलं. आमच्या केमिस्टबाईंनी बाटल्यांमधलं ठरलेल्या मापाचं पाणी घेऊन ते तपासलं आणि म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचा हात छान आहे हो." मी असा फुगलो की जणू सोल्डरिंग मीच केलं होतं. कातडी कमावण्याच्या कारखान्यात माणसाला मिरवायला दुसरं असतं तरी काय!

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, मी दिवसभर नक्की करतो काय, की नुसता बसून पगार खातो. तर ऐक. कातड्यांवरचे केस काढून झाले की ते पाणी माझ्या हौदात येतं. त्यात सल्फाइड असतं. पाण्यात चुना भरपूर असला की ते गुमान बसून राहतं. चुना कमी पडला की वायू होऊन वर येतं, आणि तो वायू माणसाला दोन श्वासांत आडवा करतो. म्हणून मी दर अर्ध्या तासाला मीटर बघायचं, वहीत आकडा लिहायचा, आकडा साडेदहाच्या खाली गेला की चुना सोडायचा. पंपाची जाळी केसांनी तुंबली की आमचा पंपवाला खड्ड्यात उतरतो. उतरण्याआधी तो ओरडतो, "किती?" मी आकडा सांगितल्याशिवाय तो शिडीवर पाय ठेवत नाही. त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण त्याच्या अंगावर औषधालाही मांस नाही.

तुझ्या मीटरच्या पेटीशेजारून वाफेचा पाइप जातो. त्याच्यावरचं वेष्टण दुरुस्तीसाठी काढलं, ते परत घालायला कुणाला सवड झालेली नाही. त्यामुळे दुपारी पेटी चांगलीच तापते. मी आणि पैलवान आपापले डबे तिच्यावरच ठेवतो. जेवण एकदम गरम! तुझ्या विद्येचा असाही उपयोग.

एक विचारायचं होतं. सकाळी आकडा ठीक असतो, पण दुपारी उगाच चढल्यासारखा वाटतो. कधी कधी मला कुजक्या अंड्याचा वास येतो आणि मीटर म्हणतं सगळं झकास आहे. मीटरचं काही असेल का, का माझ्या नाकाचंच बिघडलंय?

तुझा,
ठोंब्या

---

दि. १८ मार्च

चि. ठोंब्यास ताईचे आशीर्वाद, आणि एक धपाटा.

डबे आधी खाली उतरव! तेलकट बोटं त्या पेटीला लागली तर माझ्या तीन आठवड्यांच्या मेहनतीवर पाणी. अरे, पाण्यात बुडवलेल्या काचेच्या कांडीतून येणारा इशारा इतका अशक्त असतो की आतल्या सर्किटच्या प्लेटवर बोटाचा ठसा पडला तरी तो वाटेतच मुरतो. म्हणून तर त्याच्या वाटेवर पहिलाच ऑप-अँप बसवतात, तो आठ पायांचा काळा आयसी. तो त्या इशाऱ्याला हात न लावता नुसता बघतो आणि आकड्यापर्यंत पोचवतो. इनपुटला काहीच लागत नाही, असा साधू. जुना मेला होता म्हणून नवा घातलाय. टेबलावर तीन दिवस चालवून बघितला, केसभर हलला नाही.

तेव्हा दुपारी चढतं ते तुझ्या हौदातलं पाणी, माझं मीटर नव्हे. आणि नाकावर तर अजिबात जाऊ नकोस. तो वायू आधी माणसाचं नाकच मारतो, मग माणसाला. आकड्यावर विश्वास ठेव.

आणि बघताना खरंच बघत जा. समोर दूध उतू जातंय आणि "मी बघतोय" म्हणून ठामपणे सांगणारा माणूस आहेस तू. आईने त्या दिवशी ठेवलेलं तुझं नाव काही उगाच नाही टिकलं.

भावजयीला सांग, खोकल्याचं औषध पूर्ण संपव. अर्धी बाटली ठेवून द्यायची खोड आपल्याच घरातली दिसते.

तुझी,
ताई

---

दि. २ मे

ती. ताईस,

पैलवान गेला.

फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितो. गेल्या बुधवारी दुपारची गोष्ट. पंप घरघरायला लागला. पैलवान जाळीकडे गेला आणि ओरडला, "किती?" मी मीटरवर बघितलं आणि म्हणालो, "दहा पॉइंट सहा. उतर." ताई, "उतर" मी म्हणालो. नियम नुसता आकडा सांगायचा आहे, उतर म्हणायचा नाही. पण पाच वर्षं आम्ही असंच बोलत आलो होतो.

तो चौथ्या पायरीवर असेल. खाली पडल्याचा आवाज फार मोठा नाही आला. दोघं जण दोर घेऊन धावले, त्यांतला एक अजून दवाखान्यात आहे. पैलवानाला वर काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं.

नंतर त्यांनी हौदातलं पाणी बाटलीत भरून नेलं. ते निघालं आठ पॉइंट तीन. माझ्या वहीत दहा पॉइंट सहा. तुझी पेटी उतरवून सरकारी प्रयोगशाळेत नेली, तीन दिवस तपासली. दशांशाच्या दोन आकड्यांपर्यंत अचूक. तपासनीस मला म्हणाले, "मीटर चुकलेलं नाही, पाणी चुकलेलं नाही. मग राहिलं कोण?" ते म्हणतात, मी मीटरकडे न बघताच बसल्या जागेवरून आकडे लिहीत होतो. निष्काळजीपणाने माणूस मेला म्हणून गुन्हा दाखल झालाय. कामावरून काढलंय. जामिनावर घरी आहे.

पेटीवर दोन्ही डबे तसेच होते. त्याचा मी त्याच्या घरी नेऊन दिला. त्याच्या बायकोने तो हातात घेतला आणि म्हणाली, "अजून गरम आहे."

मी बघितलं होतं, ताई.

तुझा,
ठोंब्या

---

दि. ९ मे

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण आशीर्वादच आहेत. तुझं पत्र तीनदा वाचलं. जेवण गेलं नाही. पैलवानाला मी कधी बघितलं नाही, तरी तुझ्या पत्रांतून तो माझ्या घरात येऊन जाऊन होता.

आता रागावू नकोस. मी तुझी बहीण आहे आणि या धंद्यात सव्वीस वर्षं काढली आहेत. दशांश-दोन दशांशांनी मीटर चुकतं, हे मी कबूल करीन. दोन पॉइंट तीनने चुकत नाही. चुकलं तर सरळ मरतं, आकडा एका टोकाला जाऊन बसतो, कुणालाही कळतं. चुकीचं असून शहाण्यासारखं दिसणारं मीटर मी आजवर बघितलेलं नाही. आणि सरकारी प्रयोगशाळेने तीन दिवस तपासलंय, मी एकटीने नाही.

म्हणून विचारते. त्या क्षणी खरंच बघितलं होतंस का? की अर्ध्या तासापूर्वी बघितलेलं तोंडात होतं? सवयीने माणूस न बघताही बघितल्यासारखं बोलतो. दुधाच्या वेळी तू खोटं बोलत नव्हतास रे, तुला खरंच वाटत होतं की तू बघतोयस. म्हणून तर आईचा मार बसला तरी तू शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलास.

मी तुला दोष देत नाही. मला फक्त खरं हवंय. जेवत जा.

तुझी,
ताई

---

दि. १६ मे

ती. ताईस,

मी त्या दुपारचा सारखा विचार करतो. तांबडे आकडे दिसतात. एक, शून्य, टिंब, सहा. मग तुझं पत्र आठवतं आणि वाटतं, हे त्या दिवसाचे की आदल्या दिवसाचे? पाच वर्षांत मी ते आकडे हजारो वेळा बघितलेत. त्यांतले त्या दिवसाचे कुठले हे कसं ओळखायचं?

एकच मागणं आहे. तुझ्याकडे तसला आयसी शिल्लक असेल तर एकदा पुन्हा लावून बघशील का? काहीही करून बघ. मला माहीत आहे तू माझ्याहून शहाणी आहेस. तरी एकदा.

ठोंब्या

---

दि. २४ मे

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

बघितलं. तुझ्या शब्दाखातर तसलाच आयसी एका जुन्या मीटरमध्ये घालून दोन दिवस ते टेबलावर ठेवलं, पंखाही चालू ठेवला म्हणजे तक्रारीला जागा नको. सात म्हणजे सात, दहा म्हणजे दहा.

काल तपासनीस घरी आले होते. सभ्य गृहस्थ, चहा घेतला, माझं टेबल बघून खूश झाले. मीटरमध्ये काय बदललंत, विचारलं. मी म्हटलं, आयसी. मग म्हणाले, "दोन अंकांनी चुकू शकतं का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी ते लिहून मागितलं, मी लिहून दिलं आणि सही केली. ठोंब्या, खोटं कसं लिहिणार होते? तू माझा भाऊ आहेस म्हणून मी मीटरला दोष दिला असता तर उद्या स्वतःच्याच टेबलाशी बसले नसते.

वकिलांशी बोलले. ते म्हणतात, खटला लांबवला आणि हरलात तर पाच वर्षं. आधीच कबूल केलंत तर दोन, चांगली वागणूक असेल तर आणखी कमी. मन घट्ट कर आणि कबूल करून टाक. चूक कुणाच्या हातून होत नाही? चुकीपेक्षा तिला कवटाळून बसणं वाईट. मी शेवटपर्यंत तुझ्यासोबत आहे.

तुझी,
ताई

---

दि. ८ जून

ती. वन्संना सा. नमस्कार.

काल ह्यांनी कोर्टात कबूल केलं. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, "मीटर बघितलं होतं का?" दोन्ही वेळा म्हणाले, "नाही बघितलं." दोन वर्षं सांगितली. तिथूनच नेलं. घरी यायलाही मिळालं नाही, चष्मा इथेच राहिलाय.

वन्सं, तुमच्यापुढे बोलायची माझी पायरी नाही. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगाल ते बरोबरच असणार. पण मी बारा वर्षं या माणसाबरोबर संसार केला. हे बाजारातून भाजी आणायला विसरतात, पण गॅस बंद केला की नाही हे तीनदा उठून बघतात. महिनाभर जेवताना मध्येच थांबायचे आणि स्वतःशीच "दहा पॉइंट सहा" म्हणायचे. मग गेल्या आठवड्यापासून तेही बंद झालं. मला वाटलं, बरं वाटतंय. तसं नव्हतं.

तुमचं पत्र उशाखाली ठेवून झोपायचे. मला वाचायला दिलं नाही. मी काही विचारणार नाही.

मी त्यांचा डबा घासून ठेवलाय. स्टीलचा डबा चांगला आहे, वरचं प्लास्टिकचं झाकण मात्र पेटीवर उपडं ठेवून ठेवून पार वाकडं झालंय, काठ वितळल्यासारखे दिसतात. ते टाकून नवीन आणावं म्हणते. सुटून येतील तेव्हा लागेल.

आपली,
भावजय

---

दि. २१ जून

माझ्या भावा,

हे पत्र तुरुंगात वाचून मग तुझ्या हातात देतात म्हणे. वाचू देत. सगळ्यांनी वाचावं म्हणूनच लिहितेय.

तुझ्या बायकोने झाकणाचं लिहिलं होतं. मी पत्र घडी करून ठेवलं आणि भांडी घासायला गेले. तसलंच झाकण माझ्या हातात होतं. नळाच्या गरम पाण्याने ते थोडंसुद्धा वाकत नाही. मग तुझं पेटीवर ठेवून ठेवून वितळलं कसं? ती पेटी किती तापत होती? हात तसाच ओला घेऊन तुझं मार्चचं पत्र शोधलं. तू सगळं लिहिलं होतंस. वाफेचा पाइप, वेष्टण काढलेलं, गरम डबे, दुपारी चढणारा आकडा. अकरा मार्चलाच सगळं लिहिलं होतंस आणि मी तुला तेलकट बोटांबद्दल बोलत बसले.

आता मी जे लपवलं ते ऐक. मूळ आयसी मिळाला नाही. दुकानदार म्हणाला, दोन महिने थांबा. तुझा कारखाना घाई करत होता आणि "माझ्या बहिणीला जमलं नाही" असं तुला सांगावं लागू नये म्हणून मी दुसरा घातला. तेच आठ पाय, तीच जागा, गुण जवळपास तेच. फरक इनपुटचा. पुस्तकात लिहिलेलं असतं की इनपुट काही खात नाही. प्रत्यक्षात प्रत्येक आयसी थोडं खातोच. मूळचा जवळजवळ उपाशी राहणारा होता. मी घातलेला थोडं खाणारा. थंड खोलीत इतकं थोडं की सुरुवातीला बाटलीच्या पाण्यावर मीटर जुळवताना ते आपोआप वजा होऊन जातं. पण दर दहा अंशांना त्याची भूक दुप्पट होते. पंचवीसला एक, पस्तीसला दोन, मग चार, मग आठ. पासष्टला सोळा. आणि काचेच्या कांडीचा इशारा असला अशक्त. सोळापट खाणारा त्याला कुठल्या कुठे ओढून नेतो.

मी खोक्यात दोन बल्ब लावले, आत तसलाच आयसी घातलेली माझ्याकडची पेटी ठेवली, कांडी थंड पाण्यातच बुडवली. पाण्याचं खरं माप आठ पॉइंट तीन. तासाभराने आकडा चढायला लागला. नऊ. साडेनऊ. मी समोर बसून होते. आत पासष्ट अंश झाले तेव्हा तो थांबला. कुठे थांबला हे तुला सांगायला नको. शांत, स्थिर, शहाण्यासारखा. तूही तोच बघितलास.

तपासणाऱ्यांनी पेटी थंड खोलीत तपासली. मी माझ्याकडची पंखा लावून तपासली. पंखा, रे! तुझ्या शब्दाखातर म्हणून मी पंखा लावला. भूक दुप्पट होते हे मला सव्वीस वर्षं ठाऊक आहे. आयसीच्या छापील कागदावर तो आलेख असतो, दुसऱ्या पानावर, खाली. मी पहिलं पान बघून कागद ठेवून दिला. न बघता लिहिणारी मी होते.

तपासनिसांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या सहीचा कागद पुढे ठेवला. म्हणाले, "बाई, एका कागदात मीटर चुकणं शक्य नाही, दुसऱ्यात ते चुकलंच. आणि दुसरा भाऊ आत गेल्यावर लिहिलेला. मी कुठला धरू?" मी म्हटलं, पेटी तापवून बघा. कबुली झाल्यावर पेटी त्यांनी कारखान्याला परत दिली होती. कारखान्याने नवी बसवली, जुनी भंगारात घातली. भंगाराच्या गोदामात मी दोन दिवस शोधली. पत्र्याचं खोकं मिळालं, माझ्याच अक्षरातली चिठ्ठी आत चिकटलेली. बाकी रिकामं.

तरी वाट आहे. वकील म्हणतात, अपील करता येईल. माझा जबाब, खोक्यातला प्रयोग आणि ते वाकडं झाकण एवढ्यावर ते उभं करू. पण तू स्वतः लिहून दिलं पाहिजे की मी मीटर बघितलं होतं आणि त्यावर दहा पॉइंट सहा होतं. एवढं एकच वाक्य आणि खाली सही. मुदत पंचवीस जुलैपर्यंत आहे. झाकण टाकू नकोस म्हणून तुझ्या बायकोला कळवलंय.

लिही, बाळा. मी तुला शिक्षा दिली. मला ती परत घेऊ दे.

तुझी,
ताई

---

दि. ५ जुलै

ती. ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण मी ते वाक्य लिहायचा प्रयत्न करत होतो. मला ते लिहिता येत नाही.

आधी मला आकडे दिसायचे. आता तिथे डबा दिसतो. पैलवान "किती?" म्हणाला तेव्हा मी डब्याचं झाकण उघडत होतो, पाठ पेटीकडे होती. हे मला अगदी स्पष्ट दिसतं. कोर्टात सांगण्यासाठी मी ते रोज मनात म्हणून बघायचो, त्याने स्पष्ट झालं असेल असं तू म्हणशील. पण जे दिसतं ते दिसतं.

तू माझ्यासाठी काय काय करशील मला माहीत आहे. मला बाहेर काढायला स्वतःच्या कामाला बट्टा लावायलाही तू मागेपुढे बघणार नाहीस. भूक दुप्पट होते वगैरे मला कळत नाही, पण केमिस्टबाईंनी तपासलं, सरकारने तपासलं, तू दोनदा तपासलंस. चार वेळा बरोबर आणि खोक्यात घातल्यावर चूक? ताई, असं करू नकोस. तुझं नाव खराब होईल आणि पैलवान काही परत येणार नाही.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. त्या दुपारी मला वास आला होता. चांगलाच आला होता. तुझं पत्र आठवलं, नाकावर जाऊ नकोस, आकड्यावर विश्वास ठेव. मी नाकाला गप्प केलं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. तुला वाईट वाटलं असतं.

इथे मी बरा आहे. कुणी ओरडून "किती?" विचारत नाही. सकाळ-संध्याकाळ आम्हाला मोजतात, पण तो आकडा तेच बघतात आणि तेच सांगतात. चष्मा मिळाला.

ठोंब्या

---

दि. १२ जुलै

माझ्या शहाण्या भावा,

तुला त्या नावाने मी पुन्हा हाक मारणार नाही.

तुझ्याच पत्रात तुझी सुटका आहे, बघ. वास आला आणि आकड्यावर विश्वास ठेवून तू नाकाला गप्प केलंस, असं तूच लिहितोस. पाठ पेटीकडे असती तर कशाच्या जोरावर गप्प केलं असतंस? आकडा बघितलास म्हणूनच ना? नाक खरं सांगत होतं, डोळेही खरं सांगत होते. खोटं बोलणारी एकच गोष्ट त्या भिंतीवर होती आणि ती मी बनवली होती.

तरी तू म्हणशील, ताई मला वाचवायला काहीही जुळवते. म्हणून आता तुला असं एक सांगते जे कुणाला वाचवायला सांगता येणार नाही, कारण त्यात वाचवण्यासारखं कुणी उरलेलं नाही.

दूध मी उतू घालवलं. तू सहा वर्षांचा होतास. आई तुला शेगडीपाशी उभं करून बाहेर गेली होती. मला खेळायला जायची घाई होती आणि दूध तापल्याशिवाय आई सोडणार नव्हती. तू पातेल्याकडे डोळे लावून उभा होतास. मी मागून येऊन खालून ज्योत मोठी केली आणि निघून गेले. तू पातेलं बघत होतास, ज्योत नव्हे. एका क्षणात सगळं बाहेर आलं. आईने मारलं. तू "मी बघत होतो, मी बघत होतो" म्हणत राहिलास. मी दारात उभी होते आणि गप्प बसले.

नंतर ते नाव पडलं. सगळे हसायचे, मीही हसायचे. पस्तीस वर्षं ती गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली की ज्योतीचा भाग माझ्यातूनच गळून गेला. मे महिन्यात तुला दुधाचं लिहिलं तेव्हा मी खोटं लिहीत नव्हते. मला खरंच तसंच आठवत होतं. आता कळतं, माणसाला किती सहज दुसरंच आठवायला लावता येतं. मला मी लावलं. तुला मी लावलं.

तू बघत होतास. तेव्हाही आणि एप्रिलमध्येही. घरात नीट बघणारा एकच माणूस होता आणि आम्ही त्याचंच नाव ठोंब्या ठेवलं. माझे पाय धर म्हणून सांगत नाही, मीच तुझे धरते. ते एक वाक्य लिही. तेरा दिवस आहेत.

ताई

---

दि. २३ जुलै

(पोस्टकार्ड)

ती. ताईस नमस्कार.

पत्र पोचलं. तू फार दमलेली दिसतेस. काही दिवस काम बंद ठेव.

वकिलांना आणखी त्रास देऊ नकोस, मी त्यांना तसं कळवलंय. परवा ही भेटायला आली तेव्हा ते झाकण टाकून दे म्हणालो. आधी तयार नव्हती, मग तयार झाली.

आणि दूध माझ्याच हातून उतू गेलं, ताई. तू तिथे नव्हतीसच. मी खिडकीबाहेर बघत होतो. मला चांगलं आठवतं.

तुझा,
ठोंब्या